मावशीच्या डोळ्यातला दुसरा ठिपका

दिवाळीला मावशीकडे गेले तेव्हा कपड्यांच्या बॅगेत एक छोटा कॅमेरा आणि एक इन्फ्रारेड दिवा होता. मावशीचं गाव नागपूरपासून तासाभरावर. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी घर जरा निवांत झाल्यावर मी तिला खुर्चीत बसवलं, समोर स्टुलावर लॅपटॉप ठेवला, त्याच्या खालच्या कडेला कॅमेरा आणि दिवा लावला आणि स्क्रीनवर अक्षरांचा तक्ता उघडला. क, ख, ग, घ. आधी नऊ ठिपक्यांकडे एकेक करून बघायला लावलं, मग तक्ता. ती ज्या अक्षराकडे बघेल ते उजळायला हवं, एवढंच.

अक्षरं उजळत होती, पण धड नाही. ती ‘प’कडे बघायची, ‘प’ उजळायचा, आणि मधेच स्क्रीनवरची नजरेची खूण सटकन खाली कडेला जाऊन पडायची. पुन्हा वर, पुन्हा खाली. मावशी तर देवळात बसावं तशी बसली होती, मान सुद्धा हलवत नव्हती.

मी कॅमेऱ्यातलं चित्र मोठं केलं. एरवी गडद तपकिरी असलेलं तिचं बुबुळ इन्फ्रारेडमध्ये राखेसारखं फिकं दिसत होतं. मधोमध काळीभोर बाहुली. तिच्या कडेला दिव्याचा लखलखीत पांढरा ठिपका. इथपर्यंत सगळं ओळखीचं. पण बाहुलीच्या आत, त्या काळोखात, आणखी एक ठिपका होता. मंद, पण नक्की होता.

“काय पाहून राहिली वं एवढं माह्या डोळ्यात?” मावशीने विचारलं. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही.

मी पुण्यात नजरेचा माग काढणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहिते. ज्यांचे हात चालत नाहीत, बोलणंही गेलं आहे, अशा माणसांना नजरेने लिहिता यावं म्हणून ही यंत्रं. माझा दिवस मात्र खऱ्या डोळ्यांपेक्षा सिम्युलेशनमधल्या डोळ्यांबरोबर जास्त जातो. संगणकात गणिताने एक डोळा उभा करायचा, त्याच्यासमोर गणिताचाच कॅमेरा आणि गणिताचाच दिवा ठेवायचा, दिव्यातून निघालेला किरण डोळ्यावर आपटून कॅमेऱ्यात कुठे पोचतो हे काढायचं, आणि त्यावरून आपलं सॉफ्टवेअर नजर बरोबर ओळखतं का ते बघायचं. जर्मनीतल्या ल्युबेक विद्यापीठातल्या गटाने २००८ साली अशा सिम्युलेशनची एक चौकट सगळ्यांसाठी मांडली. पुढे २०१६ मध्ये केंब्रिजमधून ‘युनिटीआइज’ आलं, त्यातून तर पापण्या-भुवयांसकट डोळ्यांची लाखो चित्रं तयार करता येतात.

खोटा डोळा कशाला, असं मला घरचे नेहमी विचारतात. कारण खऱ्या माणसाची नजर नेमकी कुठे आहे हे बाहेरून कुणालाच कळत नाही. आपण त्याला सांगतो, या ठिपक्याकडे बघ, आणि तो बघतोय असं धरून चालतो. सिम्युलेशनमधल्या डोळ्याची नजर आपणच ठरवलेली असते. चूक किती झाली ते दशांशापर्यंत मोजता येतं. म्हणून त्यावर माझा जीव आहे.

हे यंत्र चालतं कसं ते आधी सांगते, कारण त्यात एक गोष्ट मला अजूनही जादूसारखी वाटते. आपण मराठीत ‘डोळ्यातली बाहुली’ म्हणतो. संस्कृतातली कनीनिकाही लहान मुलीवरूनच आलेली. दुसऱ्याच्या डोळ्यात जवळून बघितलं की आपलंच एक इवलंसं रूप तिथे दिसतं, म्हणून बाहुली. हे रूप दिसतं ते कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या अगदी समोरच्या पारदर्शक घुमटावर. तो घुमट बाहेर फुगलेल्या आरशाचं काम करतो. त्याची त्रिज्या साधारण ७.८ मिलिमीटर. साठ सेंटिमीटरवर बसलेल्या माणसाचा वीतभर चेहरा त्यात जेमतेम सव्वा मिलिमीटरचा होतो. डोळ्यातल्या अशा चार प्रतिबिंबांचं वर्णन पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने १८२३ साली केलं: एक कॉर्नियाच्या पुढून, एक तिच्या मागून, आणि दोन भिंगाच्या दोन बाजूंवरून. पॅरिसच्या सांसों नावाच्या शल्यवैद्याने पुढे रुग्णाच्या डोळ्यापुढे मेणबत्ती धरून, मागचं प्रतिबिंब दिसतं की नाही यावरून मोतीबिंदू ओळखायला सुरुवात केली. नजरेचा माग काढणारं यंत्र पहिलं प्रतिबिंब वापरतं. दिव्याचा लखलखीत ठिपका म्हणतात तो हाच. आमच्या भाषेत ग्लिंट.

डोळा फिरला की बाहुली सरकते, ग्लिंट तितका सरकत नाही. दोघांतलं अंतर मोजायचं की नजर किती फिरली ते कळतं. ऐकायला सोपं आहे. पण बाहुलीच्या केंद्रापासून कॉर्नियाच्या वक्रतेच्या केंद्रापर्यंतचं अंतर सरासरी ४.२ मिलिमीटर. म्हणजे नजर एक अंश फिरली तर बाहुली आणि ग्लिंट यांच्यातला फरक पडतो ०.०७ मिलिमीटर. डोक्यावरच्या एका केसाची जाडी. आणि हाच एक अंश साठ सेंटिमीटरवरच्या स्क्रीनवर होतो एक सेंटिमीटर. डोळ्यावर केसाएवढी चूक झाली की अक्षर हुकायला सुरुवात होते. त्यामुळे कॉर्नियाची त्रिज्या ७.८ की ७.५, हा प्रश्न कागदावर क्षुल्लक दिसतो, पण लिहिणाऱ्या माणसासाठी तो शब्दाचा प्रश्न असतो.

आता हे ७.८ आणि ४.२ कुठून आले? हे सरासरी डोळ्याचे आकडे. स्वीडनच्या आल्वार गुलस्ट्रँडने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डोळ्याची एक प्रमाण आकृती मांडली. डोळ्यातल्या प्रकाशाच्या वक्रीभवनावरच्या कामासाठी त्याला १९११ चं नोबेल मिळालं. लांबी २४ मिलिमीटरच्या आसपास, एकूण शक्ती साठ डायॉप्टरच्या (चष्म्याचा नंबर मोजतात त्याच एककात) जरा आत, कॉर्नियाचा अपवर्तनांक, म्हणजे ती प्रकाश किती वाकवते त्याचं माप, १.३७६, आतल्या पाण्याचा १.३३६. शंभरहून जास्त वर्षं झाली, तरी आजही कुणी सिम्युलेशन लिहायला बसला की पहिल्या ओळींत याच जातीचे आकडे टाइप करतो. मीही केले. माझा पहिला खोटा डोळा हा असा, कुणाचाच नसलेला डोळा होता, आणि त्यावर माझं सॉफ्टवेअर सुरेख चालायचं.

नागपूर जिल्ह्याच्याच ग्रामीण भागात, मावशीच्या गावापासून फार लांब नसलेल्या आठ गावांत, २००६ ते २००८ या काळात डोळ्यांची एक मोठी पाहणी झाली: सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी. तिशीपुढच्या ४,७११ लोकांचे डोळे तपासले. त्यात डोळ्याची सरासरी लांबी निघाली २२.६ मिलिमीटर. सर्वांत छोटा डोळा १८ मिलिमीटरच्या जरा वर आणि सर्वांत लांब ३४ च्या वर. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून एक फेरी मारून आले. ज्या मातीत मी वाढले तिथल्या माणसांचा सरासरी डोळा माझ्या प्रोग्रॅममधल्या डोळ्यापेक्षा जवळजवळ दीड मिलिमीटरने छोटा होता. केसाच्या जाडीवर भांडणाऱ्या बाईने दीड मिलिमीटर गृहीत धरून सोडून दिला होता.

याच पाहणीत केराटोकोनसचं प्रमाणही दिलं आहे. या आजारात कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखी पुढे येते, आणि तिथे ग्लिंट गोल राहत नाही, ताणला जातो, भलत्या जागी सरकतो. त्यांनी प्रमाण सांगितलं २.३ टक्के. पण त्यांची व्याख्या होती कॉर्नियाची शक्ती ४८ डायॉप्टर किंवा जास्त, म्हणजे त्रिज्या ७.०३ मिलिमीटर किंवा कमी. मला वाटतं, जिथे डोळेच छोटे तिथे कॉर्निया मुळातच जास्त वाकलेली असणार, आणि अशा एका आकड्याच्या गाळणीत काही ठणठणीत डोळेही अडकले असणार. डॉक्टर यावर काय ते ठरवतील. माझ्या कामापुरतं खरं इतकंच की कारण आजार असो की घडण, तेवढी वाकलेली कॉर्निया असलेली माणसं त्या आठ गावांत होती आणि माझ्या संगणकात एकही नव्हती.

लांबीचा परिणाम आणखी एका ठिकाणी होतो, आणि तो मला सगळ्यांत जास्त छळतो. आपण समजतो की बाहुली जिकडे रोखलेली तिकडे आपण बघतो. तसं नसतं. दृष्टिपटलावर जिथे सगळ्यांत स्पष्ट दिसतं ती बारीकशी खळी, फोव्हिया, बरोबर मधोमध नसते. ती जराशी कानाच्या बाजूला असते. त्यामुळे डोळ्याचा आस एका दिशेला आणि नजर त्याहून साधारण पाच अंश नाकाकडे. या कोनाला ग्रीक अक्षरावरून ‘कप्पा’ म्हणतात. पाच अंश म्हणजे स्क्रीनवर पाच सेंटिमीटर. तक्त्यात एकेक घर दोन सेंटिमीटरचं असेल आणि हा कोन विचारातच घेतला नसेल, तर उजव्या डोळ्याने ‘प’कडे बघितल्यावर खूण जाऊन उभी राहील ‘ब’ आणि ‘भ’च्या मधे. दोन्ही डोळ्यांची सरासरी घेतली तर आडवी चूक बरीचशी एकमेकींना खाऊन टाकते, कारण दोन्ही नजरा नाकाकडेच वळलेल्या असतात. पण ज्याला एकाच डोळ्याने नीट दिसतं त्याचं काय?

हा कोन सगळ्यांचा सारखा नसतो. खळीचं मधापासूनचं अंतर तेवढंच राहिलं आणि डोळा छोटा असला, तर कोन मोठा होतो. दूरचं दिसणाऱ्या, प्लस नंबरच्या छोट्या डोळ्यांत तो जास्त असतो, मायनस नंबरच्या लांब डोळ्यांत कमी, कधी कधी उलट्या बाजूलाही. काही बाळांचे डोळे याच कोनामुळे बाहेर वळल्यासारखे भासतात, आई-बाप घाबरून तिरळेपणा समजून डॉक्टरकडे धावतात आणि डोळे अगदी सरळ असतात. बाहेरून बघणाऱ्या माणसाला जसं फसायला होतं, तसंच कॅमेऱ्यालाही.

म्हणून मी मग ‘सरासरी डोळा’ सोडून डोळ्यांची गर्दी घडवायला घेतली. लांबी वेगळी, कॉर्निया वेगळी, बाहुली वेगळी, कोन वेगळा. प्रत्येक आकड्याची एक सरासरी, एक पसारा, आणि त्यातून चिठ्ठी काढावी तसा एकेक आकडा उचलायचा. मला वाटलं, आता सगळ्यांना जागा मिळाली. या गर्दीतले डोळे एकेक करून तपासायला बसले तेव्हा कळलं की त्यातले कितीतरी डोळे जगात असूच शकत नाहीत. डोळ्याची लांबी एक मिलिमीटरने बदलली तर चष्म्याचा नंबर अडीच ते तीनने बदलतो. कॉर्नियाची त्रिज्या एक मिलिमीटरने बदलली तर सहाने. मी दोन वेगवेगळ्या चिठ्ठ्या काढून लांब डोळ्याला जास्त वाकलेली कॉर्निया चिकटवत होते. अशा डोळ्यांना जाड भिंगांशिवाय हातभर लांबचंसुद्धा धड दिसलं नसतं.

खरा डोळा असा जुळवलेला नसतो, तो वाढलेला असतो. जन्मतः त्याची लांबी साडेसोळा-सतरा मिलिमीटर. कॉर्निया दोन वर्षांतच जवळपास मोठ्या माणसाएवढी होते. मागचा भाग मात्र वाढत राहतो, आणि कसाही नाही. दृष्टिपटलावर पडणारं चित्र स्पष्ट आहे की धूसर, हे वाढत्या डोळ्याला कळतं आणि त्याप्रमाणे तो लांबी धरतो. ज्याची कॉर्निया जास्त वाकलेली, त्याचा डोळा थोडक्यात थांबतो. ज्याची सपाट, त्याचा जरा पुढे जातो. हे जुळणं कधी चुकतं, मग चष्मा लागतो. पण बहुतेकांचं इतकं नीट जुळतं की नुसत्या चिठ्ठ्या काढून ते कधीच आलं नसतं. एकाच घरात वाढलेली भावंडं कशी एकमेकांच्या सवयी धरून राहतात, तसे डोळ्याचे भाग एकमेकांना धरून असतात. मी त्यांना अनोळखी माणसांसारखं एका खोलीत कोंबलं होतं.

हे कळल्यावर मी दोन महिने त्या गर्दीचं गणित पुन्हा मांडण्यात घालवले. लांबीबरोबर कॉर्निया, त्यांच्याबरोबर कोन, सगळे एकमेकांना बांधून. आणि तरीही आमच्या सगळ्या चाचण्या तरुण, चष्मासुद्धा नसलेल्या डोळ्यांच्या होत्या. हे यंत्र ज्यांच्या हातात, खरं म्हणजे ज्यांच्या समोर जाणार, ती माणसं साठीच्या पुढची असणार हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. माहीत असून कुणी विचारलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

त्या दिवशी संध्याकाळी मी मावशीला तिच्या ऑपरेशनचे कागद मागितले. बारा वर्षांपूर्वी तिचा उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. गडद चष्मा मीच आणून दिला होता, पण दुपारी ठिपका बघताना ते डोक्यात आलं नाही. मावशीचे सगळे कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत असतात: रेशनकार्ड, सातबाऱ्याची प्रत, काकांचा मृत्यूचा दाखला, मुलांच्या जुन्या गुणपत्रिका. त्यांच्या मधे घडी घालून ठेवलेली एक चिठ्ठी निघाली. थर्मल कागदावरची, अर्धी पुसट. अक्षरं उडून जातील म्हणून कुणीतरी शहाण्या माणसाने त्यावरचे आकडे खाली निळ्या बॉलपेनने पुन्हा लिहून ठेवले होते.

डोळ्याची लांबी २२.१. कॉर्नियाची वक्रता ४४.५ आणि ४५.२५. भिंग २२.५.

मी ती चिठ्ठी हातात धरून बराच वेळ बसले. मोतीबिंदू काढताना आत कुठल्या शक्तीचं भिंग बसवायचं हे काढण्यासाठी डोळ्याची लांबी आणि कॉर्नियाची वक्रता मोजावी लागते. १९८० साली सँडर्स, रेट्झलाफ आणि क्राफ यांनी त्यासाठी एक साधं सूत्र दिलं: भिंगाच्या कंपनीचा एक ठरलेला आकडा, त्यातून लांबीची अडीचपट वजा, वक्रतेची ०.९ पट वजा. ठरलेला आकडा ११८ आणि दोन वक्रतांची सरासरी धरून मावशीचं गणित मी तिथेच पाठीमागच्या कोऱ्या जागेवर केलं, २२.३६ आलं. डॉक्टरांनी साडेबावीसचं बसवलं होतं. बरोबर. आणि वक्रतेवरून कॉर्नियाची त्रिज्या निघाली ७.५२ मिलिमीटर. छोटा डोळा, जास्त वाकलेली कॉर्निया, अगदी एकमेकांना धरून. मावशीला तरुणपणी कधी चष्मा लागला नव्हता. याच कॉर्नियामागे मी २४ मिलिमीटरचा डोळा लावला असता तर तिला मायनस पाचच्या आसपास नंबर लागला असता.

आपल्या गावागावांत मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली माणसं आहेत. त्यांच्या घरात कुठल्या तरी पिशवीत अशी चिठ्ठी असते. आम्ही सिम्युलेशनसाठी डोळ्यांचे आकडे जगभरच्या शोधनिबंधांतून वेचत होतो, आणि ते मावशीच्या कपाटात रेशनकार्डाखाली पडून होते. त्यात आणखी एक नातं आहे. कॉर्नियाची वक्रता मोजायचं यंत्र हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० च्या दशकात बनवलं, आणि त्याची युक्ती हीच: कॉर्नियावर पडलेल्या प्रतिबिंबाचा आकार मोजायचा आणि त्यावरून आरसा किती वाकलेला ते काढायचं. म्हणजे त्या चिठ्ठीवरचे ४४.५ आणि ४५.२५ सुद्धा ग्लिंटनेच लिहिलेले होते.

राहिला दुसरा ठिपका. डोळ्यातल्या कुठल्या पृष्ठभागावरून किती प्रकाश परत येतो हे त्याच्या दोन्ही बाजूंच्या अपवर्तनांकांतल्या फरकावर असतं. हवा आणि कॉर्निया यांच्यात फरक मोठा, म्हणून तिथून अडीच टक्के प्रकाश परत येतो. आपलं स्वतःचं भिंग पाण्यात जवळपास पाण्यासारखंच, त्याच्या पुढच्या बाजूवरून परत येतो फक्त ०.०३ टक्के. कॅमेऱ्याला तो दिसतही नाही. पण मावशीच्या डोळ्यात तिचं भिंग नव्हतं. तिथे होतं पीएमएमए नावाचं कडक प्लॅस्टिक. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या काचेचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत गेले तरी डोळा चिडत नाही, हे हॅरल्ड रिडली या इंग्रज नेत्रवैद्यांच्या लक्षात आलं होतं, आणि १९४९ साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी त्याच प्लॅस्टिकचं पहिलं भिंग माणसाच्या डोळ्यात बसवलं. त्याचा अपवर्तनांक १.४९. तिथून परत येतो ०.३ टक्के प्रकाश, म्हणजे स्वतःच्या भिंगापेक्षा जवळजवळ नऊपट. जो ठिपका इतरांच्या डोळ्यात असून नसल्यासारखा, तो मावशीच्या डोळ्यात उजळला होता. आणि माझा प्रोग्रॅम मधेमधे त्यालाच ग्लिंट समजत होता. बाहुलीच्या मधोमध ग्लिंट म्हणजे डोळा थेट कॅमेऱ्याकडे रोखलेला, असं त्याचं गणित. म्हणून खूण खाली पडत होती.

पुण्याला परत आल्यावर मी मावशीचा डोळा घडवला. इतका वेळ कुठल्याच डोळ्यावर घालवला नव्हता. लांबी २२.१, त्रिज्या ७.५२. बाहुली लहान, उतारवयात ती आकसते तशी. कॅमेऱ्याला दिसते तेवढीही ती खरी नसते, कॉर्नियामधून बघताना ती साधारण तेरा टक्के मोठी आणि जराशी पुढे आलेली दिसते. जेफ्री अगीर या संशोधकाने २०१९ साली दाखवलं की बाहेरून दिसणारी बाहुली अचूक काढायची तर तीन गोष्टी टाळून चालत नाही: कॉर्नियातलं वक्रीभवन, डोळ्याचा आस आणि नजर यांच्यातला कोन, आणि बाहुली मुळात पुरती गोल नसणं. मी तिन्ही घातल्या. बाहुलीपासून कॉर्नियाच्या केंद्रापर्यंतचं अंतर माझ्या ४.२ ऐवजी ३.९ च्या आसपास आलं, त्यातून मोतीबिंदू काढल्यावर बुबुळ थोडं मागे जातं ते वेगळं. एवढ्या फरकानेच, सुरुवातीला नऊ ठिपके दाखवून यंत्राला तिचा डोळा शिकवला नसता तर, पंधरा अंश बाजूला बघताना एक अंशाची चूक झाली असती. एक अक्षर अर्धं हुकलं असतं.

मग तिचं भिंग. दोन्ही बाजू सारख्या फुगीर धरल्या तर साडेबावीस डायॉप्टरसाठी प्रत्येक बाजूची त्रिज्या पावणेचौदा मिलिमीटरच्या जवळपास येते. किरण कॉर्नियातून आत वाकवायचा, भिंगावर आपटवायचा, परत वाकवून कॅमेऱ्यापर्यंत आणायचा. कोड लिहायला दोन रात्री गेल्या. चालवलं, आणि काळ्या बाहुलीत एक मंद ठिपका उगवला. मावशीच्या चित्रातल्यापेक्षा जरा वर. बसवलेलं भिंग डोळ्यात अगदी सरळ क्वचितच बसतं, म्हणून मी ते थोडं थोडं कलतं करत गेले. तीन अंशांवर ठिपका खाली उतरून आपल्या जागी आला. भिंगाच्या मागच्या बाजूचा तिसरा ठिपकाही होता. तो बुबुळाआड दडला होता, म्हणून कॅमेऱ्याला दिसला नव्हता. रात्रीचे अडीच वाजले होते, मला मावशीला फोन करावासा वाटत होता.

संक्रांतीला पुन्हा गेले. आता प्रोग्रॅमला आतला ठिपका ओळखता येत होता. ठिपका किती मंद आहे आणि डोळा फिरताना कसा सरकतो, यावरून तो खरा ग्लिंट नाही हे कळायचं. आणखी एक गोष्ट बदलली होती. स्वीडनमधल्या नीस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१३ चा अभ्यास मी मधल्या काळात पुन्हा वाचला होता. चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स, डोळ्यांचा रंग, पापण्यांचे केस, मस्कारा, सगळ्यांचा मोजमापावर परिणाम होतो हे त्यात आहे. (काजळाचं आम्हाला वेगळं शिकावं लागलं. काजळी इन्फ्रारेडमध्येही काळीच राहते.) पण मला आवडलं ते दुसरंच: ठिपक्याकडे बघतोय हे त्या माणसाने स्वतः सांगितलं तर मोजमाप चांगलं येतं, यंत्र चालवणाऱ्याने किंवा यंत्राने ठरवलं तर तितकं नाही. म्हणून या वेळी मी मावशीला म्हटलं, ठिपका नीट दिसला, त्यावर नजर बसली, की तू ‘हो’ म्हण. तू म्हणेपर्यंत मी थांबते. नऊ वेळा ती ‘हो’ म्हणाली. प्रत्येक वेळी जरा विचार करून.

खूण एकदाही खाली पडली नाही. क, च, ट, त, प, मावशी सांगेल ते अक्षर उजळत होतं. फक्त शेवटची ओळ येईना. स, ह, ळ. ती खाली बघायची आणि खूणच नाहीशी व्हायची.

मी तिला दोन चित्रं शेजारी शेजारी दाखवली, कॅमेऱ्यातलं तिचं आणि मी घडवलेलं. दोन्हींत राखाडी बुबुळ, दोन्हींत काळी बाहुली, दोन्हींत दोन ठिपके. तिने चष्मा लावून दोन्हींकडे आळीपाळीने बघितलं. मग घडवलेल्या डोळ्यावर बोट ठेवलं.

“याले पापण्या काहून नाही वं?”

माझ्या डोळ्याला पापण्या नव्हत्या. गणित सोपं राहावं म्हणून मी त्या घातल्याच नव्हत्या. तो डोळा सतत उघडा होता, कुठेही बघितलं तरी पूर्ण दिसायचा. मावशीच्या वरच्या पापण्या वयाने खाली उतरल्या आहेत. समोर बघताना त्या बाहुलीच्या जेमतेम वर असतात, आणि ती खालच्या ओळीकडे बघायला गेली की डोळ्यासोबत पापणीही खाली येते आणि बाहुलीचा वरचा अर्धा भाग झाकते.

मी कंपासपेटीतली पट्टी आणली. भाच्याची होती, कडेला शाईचे डाग. तिच्यासमोर बसले, पट्टी उभी धरली. मावशीने डॉक्टरकडे करतात तसे डोळे ताणून मोठे केले, कपाळावर आठ्या आल्या.

“मावशी, मोठे नको करू. नेहमी बघतेस तशी बघ.”

तिने आठ्या सोडल्या आणि माझ्याकडे बघितलं. दोन पापण्यांमधलं अंतर सात मिलिमीटर. मी वहीत लिहून घेतलं, मग तिला म्हटलं, आता हळूहळू खाली बघ, आणि नजर खाली बसली की ‘हो’ म्हण.